बोडीपलीकडचा रस्ता

दिवाळी आटोपते, सकाळी पंखा बंद करावासा वाटू लागतो, आणि अशाच एखाद्या दिवशी नागपूरबाहेरच्या रस्त्यावर माझ्या स्कूटीपुढे तणशीनं भरलेली ट्रॉली येते. तणीस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी तो इतका बाहेर आलेला असतो की पुढचा रस्ता दिसत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत निघून जातात. मी मात्र मागेच राहते. तो कोरडा, किंचित गोडसर, नाकात खाजवणारा वास पार आत जातो, आणि मला उगाच वाटतं की आता कुठल्याही क्षणी समोरून धुक्यातून पावलं ऐकू येतील.

याच दिवसांत शहरात मॅरेथॉनचे फलक लागतात. रंगीत बूट, हसरे चेहरे. आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिका दरवर्षी नावं देतात, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा घोळक्यानं जातात, आणि सोमवारी लंगडत येतात. परवा त्यांतल्या एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी पळालात का हो?"

"एकदा," मी म्हटलं. "महिलांमध्ये पहिली आले होते."

त्या हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मीही हसले, कारण त्यात थट्टेचा भाग होताच.

ब्रह्मपुरीत आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे अब्बांचं शिलाईचं दुकान, मागे दोन खोल्या आणि आंगण. दोघी मोठ्या बहिणींची लग्नं होऊन गेलेली. त्यांच्या जाण्यानं घरात एक विचित्र शांतता पसरली होती. दिवसभर मशीन चाले, अम्मी स्वयंपाकघरात काही पुटपुटत असे, आणि मी कॉलेजातून आले की पुस्तक उघडून बसे. वर्गात मुली होत्या. वाईट कुणीच नव्हती. पण त्यांचे घोळके शाळेपासूनचे, गल्ल्यांचे, जातीपातीचे, एका बसनं येण्याजाण्याचे. मी प्रत्येक घोळक्याच्या कडेला उभी असे. हसायच्या जागी हसे.

सुनंदाला मी पहिल्यांदा पाहिलं ती कॉलेजच्या फाटकातून धावत येताना. दोन्ही हातांत एकेक चप्पल, ओढणी कमरेला बांधलेली, वेणी सुटलेली. तास सुरू झाला होता. ती येऊन माझ्या बाकावर बसली, कारण तिथंच जागा होती.

"काऊन पळत आली?" मी हळूच विचारलं.

"बस चुकली ना."

"मग कुठून पळत आली?"

"गावाहून," ती म्हणाली, जणू फाटकापलीकडून आली होती.

तिचं गाव वैनगंगेच्या वाटेवर होतं. बसनं जाताना कंटाळा यावा इतकं लांब. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिला धाप लागली नव्हती. फक्त गाल लाल झाले होते, आणि केसांत धानाचं एक कुसळ अडकलेलं. मी ते काढलं. तिथून आमचं सुरू झालं.

पळण्याची कल्पना तिची. तिला वाटे, पोलीस भरतीत मुलींना घेतात, आपण का जाऊ नये? भरतीसाठी पळणारी पोरं पहाटे त्या रस्त्यावर असतच. त्यांना पाहून तिच्या डोक्यात ते शिरलं होतं. मला भरतीशी काही देणंघेणं नव्हतं. मला कुणीतरी "तू पण चाल ना वं" म्हणालं होतं, एवढंच मला पुरे होतं.

तिच्या गावाच्या आणि ब्रह्मपुरीच्या साधारण मध्यावर रस्त्याला लागून एक बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला मातीची पाळ घालून बांधलेलं लहानसं तळं. आमच्या भागात अशा बोड्या जागोजाग. आमचं ठरलं: तिनं तिच्या गावाहून निघायचं, मी आमच्या गल्लीतून, आणि बोडीच्या पाळीवर भेटायचं. अब्बा पहाटे फजरच्या नमाजला निघाले की मागोमाग मीही निघे. गाव संपलं की दोन्हीकडे कापलेली शेतं. धानाच्या पेंढ्या रचून केलेले पुंजणे धुक्यात माणसांसारखे उभे दिसत. पहिले काही दिवस मला त्यांची भीती वाटायची. मग सवय झाली. कुठे शेकोटी पेटलेली असे, कुणी रखवालदार घोंगडीतून मान वर करून बघे आणि पुन्हा खाली घाली. माझी पावलं, माझा श्वास, यापलीकडे आवाज नसे. आणि मग, बोडी जवळ आली की, समोरून दुसरी पावलं ऐकू येत. आधी आवाज, मग एक सावली, मग सुनंदा.

ती नेहमी आधी पोचायची. मी पाळीवर बसून पोट धरायची आणि ती उभ्यानं बोलत राहायची. काल चुरणं, म्हणजे धानाची मळणी, कसं झालं, आईनं कुणाला शिव्या घातल्या, भावानं बैलजोडीचं नाव काय ठेवलं. "तू बोलत काऊन नाई वं?" ती मधेच विचारी. मला बोलायला श्वासच नसायचा. पण ते तिला सांगायचं नव्हतं.

अब्बांना कळलं ते कळायचंच होतं. नमाजहून परतताना कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी दुपारी मशीन थांबवली, आणि गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळत विचारलं, "अकेली जाती?"

"नहीं. सुनंदा रहती है."

ते बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. अम्मी दारात उभी होती. "लोग क्या बोलेंगे, ये भी तो सोचो," ती म्हणाली. अब्बांनी टेप पुन्हा गळ्यात घातली आणि मशीन सुरू केली. दोन-तीन दिवसांनी माझ्या पलंगावर निळ्या कापडाच्या दोन पँटी ठेवलेल्या दिसल्या. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं कापड. एक माझ्या मापाची, एक जरा लांब. सुनंदा दुकानात कधीतरी एकदा येऊन गेली होती, तेवढ्यावर त्यांनी माप धरलं होतं. तिला ती अगदी नीट बसली. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की सासरी नेलेली ती पँट ती रोवण्याच्या, म्हणजे धान लावण्याच्या, दिवसांत लुगड्याखाली घालून चिखलात उतरायची. पोटऱ्यांना जळवा लागत नाहीत म्हणे.

त्या वर्षी, आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना, गावातल्या एका तरुण मंडळानं अर्ध-मॅरेथॉन ठेवली. ऑटोवर भोंगा बांधून पुकारा होत होता. एकवीस किलोमीटर, ब्रह्मपुरीहून निघायचं, नदीच्या पुलाच्या अलीकडून वळायचं, परत यायचं. संक्रांतीनंतरच्या रविवारी. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी वर्गात येऊन सांगितलं की मुलीही भाग घेऊ शकतात. मागच्या बाकावरून पोरं हसली. सुनंदानं माझा हात धरून वर केला, आणि मग स्वतःचा. वसतिगृहातल्या आणखी तीन-चार मुलींनीही नावं दिली.

त्या दिवशी दुपारी आम्ही बसस्टँडवर चहा प्यायलो. तिची बस लागली होती, पण ती चढेना. "नसीम," ती म्हणाली, "आपण दोघी संगंच पोचू. मी पुढं नाई जाणार."

"तू पुढे जाशीलच."

"नाई म्हनलं ना. हात धरून पोचू."

मला हे इतकं आवडलं की मी घरी जाईपर्यंत कुणाशी बोललेच नाही.

एका सकाळी बोडीवर पोचले तर ती पाळीवर बसलेली होती. ती कधीच बसायची नाही. पाण्यात खडे टाकत होती.

"सोयरीक जमली माही," ती म्हणाली. "कुरखेड्याच्या तिकडं. याच महिन्यात लगन. पुढं पौष लागते ना."

मला वाटतं मी पहिल्यांदा विचारलं, "मग मॅरेथॉन?" आता आठवलं की स्वतःचं नवल वाटतं. पण तिलाही तेच सुचलं असावं, कारण ती हसली.

"तू काय म्हणाली घरी?" मी विचारलं.

"मले कोण विचारलं? पण पोरगा बरा हाय वं. हसते. त्याची बहीण आली होती, तिच्यासमोर मी तीन पोळ्या खाल्ल्या तरी तो हसतच होता." मग आणखी एक खडा टाकून ती म्हणाली, "संक्रांतीले माहेरी येतो मी. मंग पळू." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. ती उठली, पँटीवरची माती झटकली आणि तिच्या गावाकडे पळू लागली. मी तिथंच उभी राहून तिची पावलं ऐकत राहिले. ती विरली तेव्हा पुष्कळ उजाडलं होतं.

लग्नाला मी गेले होते. अम्मीही आली. मांडवात सुनंदा पिवळी दिसत होती. निघताना तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. काहीतरी मोठं सांगेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "या चपला लय चावतात वं."

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी उठले, कारण उठायची सवय झाली होती. अब्बा नमाजला निघत होते. त्यांनी दारात विचारलं, "अब तो अकेली है. डर लगता क्या?"

"नहीं."

"फिर मैं क्या बोलूँ," ते म्हणाले आणि गेले.

मला तेव्हा हवं होतं की त्यांनी नको म्हणावं. ते म्हणाले असते तर मी रडले असते, आणि पांघरूण घेऊन झोपले असते. त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मी बूट घातले.

बोडीपर्यंत गेले. उभी राहिले. समोरून कुणी येणार नव्हतं हे माहीत असताना कान तिकडेच लागले होते. धुक्यात एक बैलगाडी कुरकुरत आली, माझ्याजवळून गेली. गाडीवाल्यानं वळून पाहिलं. एवढ्या सकाळी पाळीवर उभी असलेली एकटी मुलगी. त्याच्या मनात काय आलं असेल कोण जाणे. तो लांब जाऊन थांबला आणि म्हणाला, "काय झालं वं बाई? कोणाची वाट पाहून राह्यली?"

"कोणाची नाही," मी म्हटलं. आणि तिथं उभं राहणं शक्य नव्हतं म्हणून पुढे पळत सुटले. बोडीपलीकडे मी त्याआधी पळत कधीच गेले नव्हते. तो रस्ता सुनंदाचा होता. तिच्या वाटणीचा रस्ताही आता मलाच पळायचा होता. त्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. एका सकाळी मी तिच्या गावाच्या पहिल्या घरापर्यंत पोचले आणि परत वळले. धाप लागली होती, पण पोट दुखलं नव्हतं. ही गोष्ट सांगायला जवळ कुणी नव्हतं. परतीच्या वाटेवर मी ती मोठ्यानं बोलून पाहिली. आपला आवाज ऐकून आपल्यालाच कसंतरी होतं, ते तेव्हा समजलं.

संक्रांतीच्या आधी अब्बांच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी फोन आला. कुरखेड्याहून. मागे कुठेतरी बस गुरगुरत होती, सुनंदा ओरडून बोलत होती.

"येऊन राह्यली मी! तू पळत गावाजवळ आली का मी तिथून तुह्यासंगं निंगतो. थांबू नोको, फक्त हाक मार."

"लुगड्यावर पळशील?"

"तुह्या बापानं पँट देल्ली ना!"

मग आवाज तुटला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सरांनी बोलावलं. वसतिगृहातल्या मुली एकेक करून गळाल्या होत्या. एकीला ताप, एकीचे वडील नको म्हणाले, बाकीच्या त्यांच्यामागून. मंडळाचे एक भाऊ सरांजवळ खुर्चीत बसले होते. माणूस वाईट नव्हता. बेचैन होऊन मान खाजवत होता.

"एकट्या पोरीची कायची स्पर्धा घ्यायची, सर?" ते म्हणाले. "पहिलीही हेच अन् शेवटचीही हेच. लोकं हसतीन."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "माझी मैत्रीण येणार आहे. वाटेत."

"वाटेत?"

मला ते नीट समजावता आलं नाही. सर म्हणाले, "पळू द्या, भाऊ. पोरांच्या मागं पळन. कोणाचं काय जाते?"

रविवारी सकाळी मैदानावर खूप पोरं जमली होती. बहुतेक खेड्यांतली, भरतीची तयारी करणारी. कुणी अनवाणी, कुणी बनियनवर. मी निळी पँट, वर लांब कुडता, ओढणी छातीवरून मागे बांधलेली. माझ्याभोवती आपोआप एक रिकामी जागा तयार झाली होती. कुणी काही वाईट बोललं नाही. उलट एकानं "ताई, तुमी पुढं उभ्या राहा" म्हणून वाट दिली, आणि त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिट्टी झाली. पोरं पाखरांच्या थव्यासारखी उडाली. गाव संपायच्या आत शेवटचा बनियनही वळणापलीकडे नाहीसा झाला.

पण एकटी नव्हते मी. माझ्यामागे एक जीप होती. थकलेल्यांना उचलण्यासाठी ठेवलेली. शेवटच्या स्पर्धकामागे राहायचं असा तिला हुकूम, आणि शेवटची मीच. ड्रायव्हर अर्धं शरीर बाहेर काढून बोलायचा.

"बस ना ताई गाडीत. थोडं पुढं सोडून देतो. इथी कोण पाह्यते?"

मी मान हलवली.

"मले सासरवाडीले जायचं हाय आज," तो काही वेळानं म्हणाला. "तुमच्यामुळं दुपार होते मले."

मला हसू आलं आणि हसण्यानं श्वास तुटला. त्या जीपच्या घरघरीचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी यायचं. बोडी आली. पाळीवर कुणीतरी म्हशी धूत होतं. मी तिकडे पाहिलं नाही. बोडी गेली. आता सुनंदाचं गाव. मी मनात हाक तयार करून ठेवली होती. पावलं आपोआप हलकी पडू लागली. आता दोघींनी जायचं, पुलापर्यंत आणि परत. जीपवाला काहीही म्हणो.

गावाच्या तोंडाशी मी हाक मारली. "सुनंदा!"

खळ्यावर चुरणं चालू होतं. धुराळ्यातून एक बाई बाहेर आली. डोक्यावर पदर, केसांत कुटाराचा भुसा, हातात पाण्याचा गडवा. ती सुनंदाची आई होती. ती घाईघाईनं रस्त्यावर आली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मी इतकी हळू झाले होते की तिला पळावं लागलं नाही.

"नाई आली वं माय," ती म्हणाली. "धाडलंच नाई त्याइनं. चुरणं उरकलं नाई म्हनते. मी चिवडा करून ठेवला होता. काल सांजच्या बसची वाट पाह्यली, आज सकाळच्या बी."

मी पाणी प्यायले. गडवा तिच्या हातात दिला. थांबावं असं वाटत होतं. खळ्यावर, त्या तणशीत बसून घ्यावं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. सुनंदा तिच्यासारखी दिसायची, हे मला तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसलं.

"जातं का पुढं?" तिनं विचारलं.

"जातो," मी म्हटलं.

"जाय मंग. हळू जाय."

ती थोडं अंतर माझ्यामागून येत राहिली. मग तिची चाहूल थांबली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. परतणारी पोरं समोरून येऊ लागली, घामानं निथळत. त्यांतला एखादा धापा टाकत म्हणे, "चाला ताई, चाला." नदीचा गार वारा लागला. वळणाच्या जागी एका मुलानं माझ्या मनगटावर शाईचा ठसा मारला आणि लगेच खुर्ची घडी करायला घेतली. परतताना कुणाच्या तरी पायात गोळा आल्याची खबर आली आणि जीप मला ओलांडून निघून गेली. जाताना ड्रायव्हर ओरडला, "येतो बरं का ताई!" तो आला नाही.

जिची मला चीड येत होती ती घरघर गेली, आणि मग रस्त्यावर काहीच उरलं नाही. ऊन चढलं होतं. कापलेल्या धानाचे बुडखे दूरवर पिवळे, कोरडे. कुठे एक माणूस नाही. वर एक घार. मी पळत होते की चालत होते ते सांगता येणार नाही. सुनंदाच्या गावातून परत गेले तेव्हा मान वळवली नाही. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण खरं सांगायचं तर त्या दुखण्यानंच मला सोबत केली. बाकी माझ्याजवळ काही नव्हतं. पुढे आयुष्यात एकटेपणाचे पुष्कळ प्रसंग आले. अम्मी गेली तेव्हा, अब्बा गेले तेव्हा, नव्या शहरात भाड्याच्या खोलीचं कुलूप पहिल्यांदा उघडलं तेव्हा. दरवेळी मला वाटलं, ही जागा ओळखीची आहे. इथून आपण एकदा गेलो आहोत.

मैदानावर पोचले तेव्हा बक्षिसं वाटून होत आली होती. रस्त्यावर आडवी धरलेली फीत रहदारीसाठी केव्हाच काढली होती, त्यामुळे शर्यत नक्की कुठे संपते ते कळेना. मी मांडवापर्यंत पळत गेले आणि एका खांबाला धरून उभी राहिले. सर लगबगीनं आले. "आली का? बरं झालं," म्हणाले. माइकवरच्या माणसाला कुणीतरी काही सांगितलं. तो खाकरला आणि म्हणाला, "महिलांमधून प्रथम क्रमांक..." आणि माझं नाव विचारायला खाली वाकला.

टाळ्या वाजल्या. चांगल्या वाजल्या, कुणी हसलं नाही. मंडळाच्या त्या भाऊंनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून मला घातला. स्टीलचा एक डबा दिला. माझ्या शेजारी, जिथे दुसरा आणि तिसरा क्रमांक उभा राहतो, तिथे मोकळी जागा होती. फोटोवाला म्हणाला, "ताई, थोड्या मधात या." मी मधे सरकले. रस्त्यावर त्या घारीखाली वाटलं नव्हतं इतकं एकटं मला त्या टाळ्यांमध्ये वाटलं.

गर्दीच्या पलीकडे अब्बा सायकल धरून उभे होते. गळ्यात टेप तशीच. रविवार, बाजाराचा दिवस, आणि ते दुकान टाकून आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात हँडलवर होते. जवळ गेले तेव्हा त्यांनी खाली माझ्या पायांकडे पाहिलं. उजव्या बुटाच्या कॅनव्हासवर रक्त आलं होतं.

"बैठ," ते म्हणाले.

मी लहानपणासारखी कॅरिअरवर बसले. त्यांनी गल्लीबोळातून नेलं नाही. भर बाजारातून, भाजीच्या ढिगांमधून, ओळखीच्या सगळ्या दुकानांपुढून ते सायकल हातानं ढकलत चालले. माझ्या गळ्यात हार, मांडीवर डबा. लोक पाहत होते. अब्बा कुणाकडे पाहत नव्हते. घराशी आल्यावर म्हणाले, "गरम पानी में पाँव रख." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी उठले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाय बरे झाले, मग परीक्षा आली, मग उन्हाळा. पळणं सुटलं, कुणी न सोडवता.

पुढे मी शिक्षिका झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा प्रशिक्षणासाठी कुरखेड्याला जावं लागलं. परतीच्या दिवशी बाजार होता. बसस्टँडवर उभी असताना मागून कुणीतरी माझी वेणी ओढली.

"तू काऊन एवढी वाळली वं?"

सुनंदा. कडेवर एक पोरगी, हाताशी एक पोरगा. थोडी रुंदावली होती, रंग उन्हानं गडद झाला होता. आम्ही दोघी काही वेळ नुसत्या हसत राहिलो. मग ती बोलत सुटली, पूर्वीसारखीच. धान कसं झालं, सासू कशी पडली, नवरा कसा अजून हसतो. "चांगला हाय वं," ती म्हणाली, आणि ते खरं असावं. तसं तिच्या तोंडावर दिसत होतं. टोपलीवाल्या बाईकडून तिनं माझ्यासाठी शिंगाडे घेतले. "अम्मीले दे. माहं नाव सांगजो." अम्मी नव्हती. मी ते सांगितलं नाही.

माझ्या मनात ती शर्यत होती. तिच्या गावापाशी मारलेली हाक, तिची आई, तो रस्ता. कुठून सुरू करावं ते सुचेना. तेवढ्यात तिनंच विचारलं, "पळतं का आता?"

"नाही."

ती थबकली. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"काऊन? तुले कोण अडवलं?"

 तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला कुणीही अडवलं नव्हतं. मी शिकले, कमावू लागले, पहाट माझी, रस्ता माझा. तिच्यासमोर उभी राहून मी कारण शोधत राहिले आणि बस लागली. गर्दी उसळली. मी आत शिरले, खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी वाजवली आणि बस हलली तेव्हा बाहेर सुनंदाच्या हातात शिंगाड्यांची पिशवी तशीच होती. तिलाही ते त्याच क्षणी दिसलं.

तिनं पोरीला खाली उभं केलं. चपला तिथंच काढल्या. लुगडं एका हातानं वर खोचलं, आणि पळाली.

बस फाटकातून वळून रस्त्याला लागली होती, वेग घेत होती. मी खिडकीतून "राहू दे, राहू दे" ओरडत होते. ती ऐकत नव्हती. बाजाराला आलेली माणसं बाजूला होत होती. ती मागच्या चाकापाशी आली, मग मधल्या खिडक्यांपाशी, मग माझ्या खिडकीखाली. तिनं हात उंचावून पिशवी माझ्या ओंजळीत दिली आणि तरी थांबली नाही. काही अंतर माझ्या शेजारी पळत राहिली. डोक्यावरचा पदर गळून खांद्यावर आला होता. ती हसत होती. धाप नव्हती.

"बोलत काऊन नाई वं?" ती म्हणाली.

मग बसनं वेग घेतला. मी मान बाहेर काढून पाहत राहिले. ती रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि लांबून तिची दोन्ही पोरं आईकडे पळत येत होती.